बिल्ल्यावरचे चोवीस आरे

शाळेच्या स्काऊट पथकाला पंचवीस वर्षे पूर्ण होतात, जिल्हा मेळावा ठरतो किंवा शिबिराची तारीख लागते, आणि स्काऊटमास्टर एक कागद घेऊन भरतकामाच्या कारखान्यात जातात. चित्रकलेच्या शिक्षकांनी कागदावर मध्ये अशोकचक्र, खाली अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर आणि भोवती पथकाचे नाव काढलेले असते. आठवड्याभराने बिल्ले हाती येतात. पाहावे तर चक्राचा निळा ठिपका झालेला असतो आणि वर्तुळ अंडाकृती झालेले असते. असे का होते? चित्र पेन्सिलीच्या हिशेबाने काढलेले असते, पण बिल्ला धाग्याच्या हिशेबाने तयार होतो. हा हिशेब आपण समजून घेऊ.

प्रथम एक भेद ध्यानात ठेवावा. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडची संघटना तिच्यात सामील झाली. प्रथम सोपान, द्वितीय सोपान असे तिचे बॅज मुलाने चाचणी देऊन मिळवायचे असतात. ते कोणी आपल्या मर्जीने भरून घ्यायचे नसतात. आम्ही येथे बोलत आहोत ते मेळाव्याच्या, शिबिराच्या किंवा महोत्सवाच्या आठवणीसाठी पथकाने करून घ्यायच्या बिल्ल्याविषयी.

धाग्याची जाडी

भरतकामात सर्रास वापरला जाणारा ४० नंबरचा धागा कापडावर पसरला की साधारण ०.४ मिलिमीटर जागा व्यापतो. बिल्ल्यावर १२ मिलिमीटर व्यासाचे चक्र आहे असे समजू. त्याचा परीघ सुमारे ३७.७ मिलिमीटर. त्याचे २४ भाग केले, तर कडेला दोन आऱ्यांत १.५७ मिलिमीटर अंतर पडते. एकेरी धाग्याचा आरा येथे सुटा दिसेल. पण मध्याकडे जाताना परीघ कमी होतो आणि धाग्याची जाडी मात्र तीच राहते. २४ धाग्यांना शेजारी शेजारी बसायला २४ × ०.४ = ९.६ मिलिमीटर परीघ लागतो, म्हणजेच सुमारे ३ मिलिमीटर व्यास. त्याच्या आत आरे एकमेकांत मिसळणारच.

एकेरी धाग्याचा आरा उठून दिसत नाही, म्हणून कारागीर सुई डावी-उजवीकडे नेत साटीनचा टाका घालतो. त्याला निदान १ मिलिमीटर रुंदी हवी. आता २४ आऱ्यांना २४ मिलिमीटर परीघ, म्हणजे सुमारे ७.६ मिलिमीटर व्यास लागेल. १२ मिलिमीटरच्या चक्रात आऱ्यांना उरली कडेची जेमतेम २.२ मिलिमीटर पट्टी! मग मार्ग तीनच: चक्र मोठे करा, अधिक बारीक धागा व सुई वापरा, किंवा चक्र काढूच नका. आरे कमी करणे हा मार्ग नव्हे, कारण चोवीस आऱ्यांखेरीज ते अशोकचक्र राहत नाही.

गोलाचा अंडाकार का होतो?

यंत्रात वरचा धागा सुईतून आणि खालचा बॉबिनमधून येतो. दोन्ही कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकतात आणि टाका बसतो. धागा ताणलेला असल्यामुळे प्रत्येक टाका आपली दोन टोके किंचित जवळ ओढतो. सगळे टाके आडवे असले तर हजारो लहान ओढी एकाच दिशेने लागतात आणि गोल आडवा आक्रसतो. म्हणून कापडाखाली बुक्रम लावतात, आधी विरळ टाक्यांचा पाया घालतात आणि संगणकावर आकृती मुद्दाम थोडी आडवी रुंद काढतात. कापडावर ती आक्रसून गोल होते.

आकृतीचे टाक्यांत रूपांतर करण्याच्या या कामाला धंद्यात 'पंचिंग' म्हणतात. १८२८ साली जोश्युए हाइलमान याने केलेल्या भरतकामाच्या यंत्रात हेच काम पँटोग्राफ करी. कामगार मोठ्या चित्रावर टोक फिरवी आणि कापडावर तीच आकृती लहान होऊन उमटे. समरूप आकृत्यांचा पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

पंचिंग एकदाच करायचे असते. समजा त्याला ६०० रुपये पडले. दहा बिल्ले केले तर प्रत्येकावर ६० रुपयांचा भार, दोनशे केले तर ३ रुपयांचा. तसेच समजा आकृतीत ६,००० टाके आहेत आणि यंत्र मिनिटाला ६०० टाके घालते. एका फेरीला १० मिनिटे लागतील. यंत्राला बारा हेड असतील तर शंभर बिल्ल्यांना नऊ फेऱ्या, म्हणजे दीड तास. धागा बदलण्याचा वेळ वेगळा. दोन-तीन शाळांनी मिळून एकच आकृती ठरवली तर पालकांचे पैसे वाचतात ते यामुळे.

रंग कुठे जातो?

धागा व्हिस्कोजचा असेल तर तो बहुधा रिॲक्टिव्ह रंगाने रंगवतात. या रंगाचे रेणू तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जातात. पण काही रेणू तंतूऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतात आणि धाग्यात नुसते अडकून राहतात. रंगशाळेत ते साबणाच्या गरम पाण्याने धुऊन काढले नाहीत, तर पहिल्या धुण्यात मुलाच्या शर्टावर उतरतात. पॉलिएस्टरचा धागा डिस्पर्स रंगाने, दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला रंगवतात. त्याचाही वरवरचा रंग धुवावाच लागतो.

म्हणजे रंग न सोडणाऱ्या बिल्ल्यामागे रंगीत, खारे सांडपाणी असते. अंबरनाथ एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, शेजारच्या उल्हासनगरात शिलाईचा मोठा धंदा आहे आणि वालधुनी दोन्ही गावांतून वाहते. तिची अवस्था येथल्या मुलांना सांगावी लागत नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खातात, पण अनेक रंगद्रव्ये त्यांना सहज पचत नाहीत. म्हणून सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाणी पोहोचले तरी रंग काढण्याची वेगळी तजवीज करावी लागते. आपला धागा रंगवणाऱ्याचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न ऑर्डर देतानाच विचारायला हवा.

वर्गात करून पाहा

नमुन्याच्या एका बिल्ल्याला पांढऱ्या सुती व पांढऱ्या पॉलिएस्टर कापडाचे तुकडे टाचा. साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास हलवत ठेवा, पिळा आणि सावलीत वाळवा. कोणत्या तुकड्यावर किती डाग पडला ते ५ (डाग नाही) ते १ (गडद डाग) असे गुण देऊन नोंदवा. प्रयोगशाळांतही ग्रे स्केलवर १ ते ५ असेच गुण देतात. नंतर पट्टीने बिल्ल्याचा आडवा व उभा व्यास मोजा आणि भिंगातून आरे मोजा. हे सारे एका नमुन्यावर करावे आणि तो उतरला तरच उरलेले बिल्ले भरायला सांगावे. बिल्ला छातीवर लावणाऱ्या मुलांनीच ही तपासणी करावी, असे आम्हाला वाटते.