जिथे ट्राम पोचत नाही

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकमापनाचं काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं गेलं. रुळांमधल्या विजेच्या गोंगाटात पृथ्वीच्या चुंबकत्वाची बारीक थरथर हरवून गेली असती. पण अलिबागहूनही निवांत जागा आहे, समुद्राचा तळ.

खारं पाणी विजेचं वाहक. सूर्याकडून येणाऱ्या झोतांमुळे आकाशात चुंबकीय खळबळ उठते. ती पाण्यात शिरली की पाण्यातच प्रवाह जागे होतात आणि तिलाच दाबून टाकतात. सेकंदाला एकदा होणारं कंपन पावणेतीनशे मीटर खाली जाईपर्यंत जेमतेम एक-तृतीयांश उरतं. शंभर सेकंदांना एकदा होणारं कंपन मात्र तेवढं क्षीण व्हायला पावणेतीन किलोमीटर लागतात. तळापर्यंत पोचतात ते फक्त संथ हेलकावे.

जपानी संशोधकांनी २००१ मध्ये वायव्य प्रशांत महासागरात साडेपाच किलोमीटरहून अधिक खोलीवर चुंबकीय वेधशाळा बसवली. तिथे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर साडेपाचशे किलोंहून जास्त भार असतो. तळावरची अशी उपकरणं जाड कवचात बंद असतात. काम झालं की जहाजावरून ध्वनीचा इशारा जातो, उपकरण खालचं वजन सोडून देतं आणि अंधारातून एकटंच वर यायला लागतं. मोजमाप नाजूक इतकं, की चिखलात उपकरण अंशाच्या ३,६०० व्या भागाने कललं तरी ३०,००० नॅनोटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे ०.१५ नॅनोटेस्लाचा खोटा फरक दिसू शकतो. म्हणून कल मोजणारं यंत्रही सोबत हवंच.

मला खरी भुरळ पडते ती यापुढच्या गोष्टीची. वाहतं पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना स्वतःच वीज निर्माण करतं. मायकेल फॅरेडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर तार ताणून तांब्याचे पत्रे थेम्समध्ये सोडले होते, ही वीज पकडायला. तेव्हा ती नीट हाती लागली नाही. त्याच्या हाताला न लागलेली ती वीज प्रशांताच्या तळावर सापडली, तीही त्सुनामीच्या रूपात!

नोव्हेंबर २००६ आणि जानेवारी २००७ मध्ये कुरिल बेटांजवळ मोठे भूकंप झाले आणि त्यांतून त्सुनामी उठल्या. वाऱ्याच्या लाटा वरवरच्या. त्सुनामीत मात्र पृष्ठभागापासून तळापर्यंतचं सगळं पाणी सरकतं. खोल समुद्रात वरचा फुगवटा दहा सेंटीमीटरचा असला, तर हिशेबाने या विजेमुळे होणारा चुंबकीय बदल एका नॅनोटेस्लाहूनही कमी येतो. जहाजावरच्या माणसाला पायाखालून काही गेलं हे कळतसुद्धा नाही. तळावरच्या त्या उपकरणाने मात्र दोन्ही त्सुनामींची नोंद केली. दाबमापी पाणी किती चढलं एवढंच सांगतो. चुंबकीय क्षेत्राचे तिन्ही घटक मोजले, तर लाट कुठल्या दिशेने निघाली आहे हेही कळतं.