विमा नसलेले वाहन आणि भरपाईचा मार्ग

उधारीवर माल देताना आपण घेणाऱ्याची पत पाहतो. रस्त्यावर कोणाशी गाठ पडेल हे मात्र आपल्या हाती नसते. आमच्या मावल्यालगत नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ अहोरात्र वाहतो. तेथेच एका सायंकाळी सायकलीवरून घरी परतणाऱ्या आमच्या दुकानच्या हमालास एका टेंपोने धडक दिली व त्याचा पाय मोडला. टेंपोचा विमा केव्हाच संपलेला होता. "विमाच नाही, मग पैसे कोण देणार?" म्हणून त्याच्या घरची मंडळी हताश झाली. हा समज खरा नव्हे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ अन्वये तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा सक्तीचा आहे. तो नसला तरी देणे बुडत नाही. ते चालक व मालक यांच्या शिरावर राहते. प्रथम पोलिसांत फिर्याद नोंदवावी. दवाखान्याची बिले, मजुरीचा पुरावा व अपंगत्वाचा दाखला जपून ठेवावा. नंतर कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. अपघात घडला तेथे किंवा जखमी मनुष्य राहतो अथवा धंदा करतो तेथेही तो करता येतो; परप्रांतीच्या ट्रकमागे धावण्याचे कारण नाही. २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली. त्या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तथापि शहाण्याने मुदतीतच अर्ज करावा.

निवाडा झाला, पण पैसा कोठून यावा? २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विमा नसलेले अपघाती वाहन पुरेसे तारण घेतल्यावाचून सोडता येत नाही. तारण न दिल्यास तीन महिन्यांनंतर त्याचा लिलाव होऊन रक्कम न्यायाधिकरणात जमा होते. सबब वाहन सुटण्यापूर्वीच वकिलामार्फत हरकत घ्यावी. उरलेली रक्कम कलम १७४ अन्वये जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. धडक देणारे वाहन पळाले व त्याचा पत्ताच लागला नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये मिळतात.

आता पदरचा अनुभव सांगतो. तो टेंपो एके काळी आमचाच होता. वर्षापूर्वी तो विकून पैसे खातेवहीत जमा केले आणि व्यवहार पुरा झाला असे आम्ही मानले. नोंदणीपुस्तकातील नाव मात्र आमचेच राहिले होते. नोंदणीत ज्याचे नाव, तोच भरपाईस जबाबदार मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे. नोटीस आमच्या पेढीवर आली. आम्ही वाद न वाढविता तडजोडीने रक्कम भरली. तो हमाल आज आमच्या काट्यापाशी बसून वजने टिपतो. पोते मात्र पुन्हा उचलू शकला नाही.

सभासद बंधूंनो, वाहन विकल्यावर चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवा, नाव बदलल्याची खात्री करून घ्या आणि विम्याची तारीख वसुलीच्या तारखेइतकीच ध्यानात ठेवा.