एका अक्षराची चूक

निकाह ठरवताना आपण मुलाची नोकरी पाहतो, मुलीचे शिक्षण पाहतो, दोन्ही खानदानांची चौकशी करतो. दोघांच्या रक्ताची चौकशी मात्र क्वचितच होते. मग ‘थॅलेसेमिया’ हा शब्द घरात पहिल्यांदा येतो तो एखाद्या फिकट पडलेल्या तान्ह्या बाळाच्या रिपोर्टवर.

ही बिघाडाची जागा फार लहान आहे. हाडांच्या मगजात लाल पेशी तयार होतात. कच्च्या लाल पेशीत पडद्याने वेढलेले केंद्रक असते आणि हिमोग्लोबिनची मूळ कृती त्यात डीएनएच्या रूपात जपलेली असते. ती बाहेर जात नाही. जाते ती तिची नक्कल, म्हणजे आरएनए. पण ताजी नक्कल कच्ची असते. बीटा ग्लोबिनच्या नकलेत मध्येच दोन फालतू तुकडे असतात. काही प्रथिने आणि छोटे आरएनए मिळून नकलेला चिकटतात, ते कापतात आणि उरलेला भाग जोडतात. पडद्यावरची छिद्रेही नुसती भोके नव्हेत, तर सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांनी बांधलेली दारे आहेत. वाहक प्रथिने चिकटलेली नक्कलच त्यातून बाहेर पडते. बाहेर तिच्यावरून ग्लोबिन बनते.

भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा दोष पहिल्या फालतू तुकड्याच्या पाचव्या अक्षरात आहे. तिथे ‘जी’ऐवजी ‘सी’ येतो. कापण्याची खूण पुसट होते, कात्री भलतीकडे चालते आणि नीट नक्कल फार थोडी उरते. बीटा कमी पडला की जोडीदार नसलेला अल्फा ग्लोबिन पेशीत साचतो आणि बरीच कच्ची पेशी मगजातच मरते. बाळाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक असतो. तो ठणठणीत असतो, फार तर थोडा फिकट. अशा कित्येक भाभी-बाजी आम्ही पाहिल्या आहेत, ज्यांना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. कात्री चुकते तिथे लोह काय करणार?

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. चुलत-मावस नात्यात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते, कारण एकाच दादा-दादीचा दोष दोघांकडे आलेला असू शकतो. पण नाते नाही म्हणून निर्धास्त राहू नये. सिंधी आणि लोहाणा समाजांतही हा आजार बराच आढळतो.

तपासणी रक्ताची, नाव ‘एचबीए-टू’. ३.५ टक्क्यांहून जास्त आले तर बहुधा वाहक. मंगनीआधी दोघांनी करून घ्यावी. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच खाली दिसू शकतो. तेव्हा आधी लोह भरून घेऊन तपासणी पुन्हा करायला डॉक्टरांना सांगा.