एकट्याने, लाखाच्या आत युरोप : पहिल्या सहलीचे गणित कसे मांडाल?

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश फिरवणारी ग्रुप टूर आणि माणशी काही लाखांचे बिल. पण एकच शहर निवडले, तिथेच सहा दिवस मुक्काम केला आणि सगळी बुकिंग स्वतः केली, तर हाच आकडा बराच खाली येतो. गेल्या सप्टेंबरमध्ये मी हंगेरीची राजधानी बुडापेस्टला एकटी जाऊन आले. मुंबईतून निघून परत येईपर्यंत ९७ हजार ३०० रुपये लागले. हा खर्च कुठे झाला, कुठे चुकला आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणत्या क्रमाने तयारी करावी, याविषयी…

बुडापेस्टच का?

हंगेरी युरोपीय संघात आणि शेंगेन क्षेत्रात आहे, पण तिथे युरो चालत नाही. तिथले चलन फोरिंट. शंभर फोरिंट म्हणजे साधारण २५ ते ३० रुपये. राहणे, खाणे आणि शहरातला प्रवास पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपेक्षा स्वस्त पडतो. शहरही एकट्याने फिरायला सोपे आहे. डॅन्यूब नदीच्या एका काठावर डोंगराळ बुडा आणि दुसऱ्या काठावर सपाट पेस्ट. ही दोन शहरे आणि ओबुडा मिळून १८७३ मध्ये आजचे बुडापेस्ट झाले. नदी कुठल्या बाजूला आहे एवढे लक्षात ठेवले, की रस्ता चुकण्याची भीती निम्मी कमी होते. इथली एम-१ ही मेट्रो १८९६ मध्ये सुरू झाली. युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली भुयारी रेल्वे. आजही ती रोजच्या वापरात आहे.

व्हिसासाठी काय लागते?

भारतीय पासपोर्टवर अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. तो २९ देशांत चालतो आणि कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज त्या देशाकडे करायचा, जिथे मुक्काम सर्वाधिक आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो झालेला असावा लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवस आहे, पण ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. म्हणून दोन-अडीच महिने आधी अर्ज करणे शहाणपणाचे.

प्रौढांसाठी व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या पुढेच धरा. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३० हजार युरोंचे लागते. याशिवाय विमानाचे आरक्षण, हॉटेल किंवा हॉस्टेलचे बुकिंग, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचे रजा मंजुरीचे पत्र. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला स्वतः केंद्रावर जावे लागते.

अर्ज कुठे अडतो?

अधिकाऱ्याला कागदांतून दोन उत्तरे हवी असतात : हा खर्च तुम्हाला परवडतो का आणि तुम्ही परत येणार का. एकट्या, अविवाहित, तरुण आणि आधी परदेशी न गेलेल्या अर्जदाराला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त स्पष्ट द्यावे लागते. नोकरीचे पत्र आणि मंजूर रजा इथे उपयोगी पडतात. अर्जासोबत एका पानाचे पत्र जोडावे. का जाताय, कुठे राहणार, खर्च कोण करणार आणि कामावर कधी रुजू होणार, एवढे त्यात सरळ लिहावे.

स्टेटमेंट भरलेले दिसावे म्हणून अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकांकडून दीड-दोन लाख खात्यात घेऊ नयेत. अचानक आलेली मोठी रक्कम शंका वाढवते. ‘व्हिसाची गॅरंटी’ देणाऱ्यांपासून लांब राहावे. अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही. खोटी कागदपत्रे सापडली तर अर्ज फेटाळला जातो आणि त्याची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत राहते. हॉस्टेलसाठी ‘मोफत रद्द करता येईल’ असा पर्याय निवडावा.

माझी चूक वेगळी होती. तिकीट स्वस्त दिसले म्हणून परत न मिळणारे ५१ हजारांचे तिकीट व्हिसाच्या आधीच काढले आणि अर्जाला उशीर केला. पासपोर्ट हातात पडला तेव्हा विमानाला तीन दिवस उरले होते. त्या काळात आई रोज संध्याकाळी विचारायची, ‘अगं, आला का पासपोर्ट?’ आणि मी रोज दोन वर्षांच्या बचतीचा हिशोब मनात पुन्हा करायचे. तुम्ही असे करू नका. थोडे महाग पडले तरी रद्द करता येणारे तिकीट काढा किंवा तात्पुरते आरक्षण ठेवून व्हिसा आल्यावर पैसे भरा.

पैसे कशावर गेले?

विमान : ५१,२००. व्हिसा, सेवाशुल्क आणि विमा : १२,८००. सहा रात्रींचे हॉस्टेल : ११,४००. शहरातला प्रवास : २,९००. खाणे : ९,५००. तिकिटे आणि प्रेक्षणीय स्थळे : ६,७००. सिमकार्ड आणि एक चूक (तिच्याविषयी पुढे) : २,८००. 

निम्म्याहून जास्त पैसे एकट्या विमानाचे आहेत. म्हणजे बजेट ठरते ते प्रवासाच्या तारखेवर. जुलै-ऑगस्टची गर्दी आणि नाताळ टाळून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडला तर भाडे आणि हॉस्टेल दोन्ही खाली येतात, हवाही बरी असते. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे एका थांब्याची विमाने शोधावीत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे जोडून पैसे वाचतात, पण पहिले विमान चुकले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. मधल्या देशात बाहेर पडून पुन्हा चेक-इन करावे लागले तर तिथलाही व्हिसा लागू शकतो. पहिल्या सहलीत एकाच तिकिटावरचा प्रवास बरा.

पैसे कसे न्यावेत?

आपले यूपीआय तिथे उपयोगाचे नाही. एक फॉरेक्स कार्ड, दुसऱ्या बँकेचे एक आंतरराष्ट्रीय कार्ड आणि शंभर-दीडशे युरो रोख, एवढे पुरते. कार्डे एकाच पाकिटात ठेवू नयेत. भारतीय क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला सहसा दोन ते साडेतीन टक्के जादा शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. निघण्याआधी कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार ॲपमधून सुरू करावेत आणि ओटीपी येणारा नंबर परदेशात चालेल याची खात्री करावी.

आता ती चूक. पहिल्या रात्री एटीएममधून ४० हजार फोरिंट काढताना पडद्यावर विचारले गेले : रक्कम रुपयांत वळवून घ्यायची का? रुपये दिसल्यावर बरे वाटले आणि मी ‘होय’ दाबले. त्या एका बटणाने सुमारे १,३०० रुपये जास्त गेले. अशा वेळी विनिमय दर एटीएमवाला ठरवतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो. एटीएम असो की दुकानातले मशीन, पर्याय कायम स्थानिक चलनाचाच निवडावा. विमानतळावरच्या मनी एक्स्चेंज काउंटरवरही मोठी रक्कम बदलू नये.

इमिग्रेशनला काय विचारतात?

कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, परतीचे तिकीट दाखवा. सहसा एवढेच. बुकिंग, विमा आणि परतीच्या तिकिटाच्या छापील प्रती केबिन बॅगेत ठेवाव्यात. चेक-इन बॅगेत टाकल्या तर ऐन वेळी हाताशी नसतात. विमान फ्रँकफर्ट किंवा व्हिएन्नामार्गे असेल, तर ही तपासणी शेंगेन क्षेत्रातल्या त्या पहिल्या विमानतळावरच होते. पुढच्या विमानाच्या वेळेचा अंदाज त्यानुसार धरावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी संगणकीकृत नोंदणी सुरू झाली आहे. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी छायाचित्र आणि बोटांच्या ठशांची नोंद होते.

विमानतळावरून शहरात कसे जायचे?

‘१०० ई’ ही बस थेट शहराच्या मध्यावर, देआक फेरेंत्स चौकात जाते. तिला वेगळे, महाग तिकीट लागते. ‘२०० ई’ ही बस एम-३ मेट्रोच्या टोकाच्या स्थानकापर्यंत नेते आणि तिच्यात शहराचे नेहमीचे तिकीट किंवा पास चालतो. मी ७२ तासांचे दोन पास घेतले. मेट्रो, ट्राम, बस सगळे त्यात आले आणि रोज तिकिटाचा विचार करावा लागला नाही.

सुटे तिकीट घेणार असाल, तर ते मशीनमध्ये शिक्का मारून वैध करावे लागते. खिशात कोरे तिकीट असणे म्हणजे विनातिकीटच. साधे एकेरी तिकीट मेट्रोतून मेट्रो बदलताना चालते, पण पुढे ट्राम पकडली की नवे लागते. तपासनीस असतात आणि पर्यटक म्हणून दंडातून सूट मिळत नाही.

कशाला पैसे द्यावेत, काय फुकट आहे?

दोन नंबरची ट्राम पेस्टच्या काठाने संसद भवनाजवळून जाते. पासवर ही सगळ्यात स्वस्त ‘साइटसीइंग टूर’. चेन ब्रिज १८४९ चा, तो चालत ओलांडावा. फिशरमन्स बॅस्टियनचा बराचसा भाग मोफत आहे, वरच्या गच्चीला तिकीट लागते. संसद भवन आतून पाहायचे तर वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट आधी काढावे. युरोपीय नागरिकांपेक्षा आपल्याला ते महाग पडते. १९१३ मध्ये सुरू झालेले सेचेनी हे गरम पाण्याचे स्नानगृह माझ्या यादीतला सगळ्यात महाग तास होता, पण त्याचा पश्चात्ताप नाही. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि सपाता घरूनच न्याव्यात.

संसदेपासून थोडे चालले की नदीकाठी लोखंडी बुटांच्या ६० जोड्या दिसतात. १९४४-४५ मध्ये हंगेरीतल्या फॅसिस्टांनी ज्यूंना इथे काठावर उभे करून गोळ्या घातल्या. त्याआधी त्यांना बूट काढायला लावले होते. २००५ चे हे स्मारक पाहायला तिकीट नाही. तिथे सेल्फी काढू नये, एवढे भान ठेवावे.

शाकाहारी माणसाने काय खावे?

लांगोश म्हणजे तळलेली जाड पुरी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. एकात पोट भरते. फोझेलेक हा भाजीचा दाट रस्सा, पण त्यावर अनेकदा मांसाचा तुकडा ठेवतात, म्हणून आधी विचारावे. सूपमध्येही मांसाचा अंश असू शकतो. हॉस्टेलला स्वयंपाकघर असेल तर खर्च निम्मा होतो. मी सकाळी सुपरमार्केटमधला पाव, दही आणि फळे, दुपारी बाहेर आणि रात्री घरून नेलेला उपम्याचा कोरडा मसाला, असे चालवले. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. बाटली भरून घ्यावी.

एकटे असताना सुरक्षिततेचे काय?

दिवसाउजेडी पोहोचेल असे विमान निवडावे. मी रात्री साडेदहाला उतरले आणि हॉस्टेलच्या दाराचा कोड ईमेलमध्ये शोधताना फोनची बॅटरी चार टक्क्यांवर होती. पत्ता आणि कोड कागदावर लिहून ठेवावा. महिलांसाठी वेगळी डॉर्मिटरी बहुतेक मोठ्या शहरांत मिळते, कुलूप मात्र स्वतःचे न्यावे. गर्दीच्या ट्राममध्ये पाकीटमारी होते. रस्त्यात गोड बोलून ओळख काढणारे आणि ‘चला, जवळच्या बारमध्ये बसू’ म्हणणारे टाळावेत, तिथे येणारे बिल भयंकर असते. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवण्यापेक्षा ॲपवरून मागवावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा नंबर संपूर्ण युरोपीय संघात चालतो. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग बुडापेस्टमधला भारतीय दूतावास. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत ईमेलमध्ये ठेवलेली असावी. घरच्यांशी रोजची एक वेळ ठरवावी. सप्टेंबरमध्ये आपण तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, हे आईबाबांना आधीच सांगावे.

मग कोणी थांबावे?

‘आता फिरा, नंतर हप्ते भरा’ अशा जाहिराती सध्या मोबाइलवर सतत दिसतात. सहलीसाठी वैयक्तिक कर्ज काढावे लागणार असेल, तर थांबणे चांगले. सहा दिवसांच्या आठवणींचे हप्ते दोन वर्षे भरताना त्या आठवणींची चव जाते. एकूण खर्चाच्या वर किमान २५-३० हजार रुपये खात्यात शिल्लक राहत असतील तरच निघावे. विमान रद्द झाले, तब्येत बिघडली, तर तिथे उसने द्यायला कोणी नसते.

एवढी शिल्लक असेल, तर क्रम साधा आहे : आधी तारखा, मग रजा, मग व्हिसा आणि शेवटी परत न मिळणारे पैसे. मी हा क्रम उलटा केला आणि तीन दिवसांच्या फरकाने वाचले.