कक्षेत पोचायचे तर हळूच कलायचे

पालघरजवळच्या माकुणसार गावचा माणूस सफाळ्याला किंवा केळवे रोडला गाडी पकडून चर्चगेटला जातो, तो प्रवास शंभर किलोमीटरही भरत नाही. जिथून अवकाश सुरू होते असे मानतात ती रेषा डोक्यावर सरळ शंभर किलोमीटरवर आहे. हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला, तर तिथवर एखादी वस्तू फेकायला सेकंदाला सुमारे १.४ किलोमीटर वेग पुरतो. पण ती वस्तू वर जाऊन परत खाली येते. तिला वरच राहायचे असेल, म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहायचे असेल, तर जमिनीला समांतर दिशेने सेकंदाला जवळजवळ ७.८ किलोमीटर वेग लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दोन्हींतली तफावत तीस पटींच्या घरात जाते.

भारताच्या अवकाश इतिहासातच ही तफावत दिसते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबाहून नाइकी-अपाचे हे अमेरिकी बनावटीचे रॉकेट उडाले, वातावरणाच्या वरच्या थरात सोडियमची वाफ सोडून खाली आले. स्वतःच्या रॉकेटने स्वतःचा उपग्रह कक्षेत ठेवायला १८ जुलै १९८० उजाडावे लागले. वर जाण्यापासून वर टिकण्यापर्यंत सतरा वर्षे गेली.

‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा संगणकावरचा खेळ पहिल्यांदा उघडणाऱ्या मुलाला हा धडा काही मिनिटांत मिळतो. मेक्सिकोतल्या ‘स्क्वाड’ या कंपनीत फेलिपे फालांगे यांनी सुरू केलेला हा खेळ २०११ च्या जूनमध्ये लोकांसमोर आला. त्यात रॉकेट आपणच जोडायचे आणि आपणच उडवायचे. ‘केर्बिन’ हा त्यातला ग्रह ६०० किलोमीटर त्रिज्येचा, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या भागाहूनही लहान. पण पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण आपल्याइतकेच आणि वातावरण ७० किलोमीटर उंचीपर्यंत. नवखा खेळाडू रॉकेट सरळ वर सोडतो, सत्तर किलोमीटर ओलांडतो, आनंदतो. थोड्या वेळाने इंधन संपलेले त्याचे यान जिथून निघाले त्याच्याच आसपास येऊन आदळते.

मग करायचे काय? वर पोचून काटकोनात वळायचे? तसे केले तर वर चढण्यात घालवलेला वेग आडव्या प्रवासाच्या जवळजवळ काहीच उपयोगी पडत नाही. शिवाय इंजिन सरळ वर ढकलत असते त्या प्रत्येक सेकंदाला गुरुत्वाकर्षण ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वेग कापून घेते. शंभर सेकंद सरळ वर चढलात की जवळजवळ एक किलोमीटर प्रति सेकंद वेगाचे इंधन नुसते रॉकेट तोलून धरण्यात जळून गेले. मग उड्डाण होताच आडवे का होऊ नये? कारण खाली हवा दाट आहे. तिच्यातून वेगाने आडवे जायचे तर रोध प्रचंड वाढतो, यान तापते.

या दोन तोट्यांच्या मधून जाणाऱ्या वाटेला गुरुत्व वळण म्हणतात, आणि मला ही रॉकेटशास्त्रातली सर्वांत देखणी कल्पना वाटते. अगदी उभ्या रॉकेटला गुरुत्वाकर्षण वळवू शकत नाही, फक्त मागे ओढू शकते. पण उड्डाणानंतर लगेच, वेग अजून कमी असताना, त्याला पूर्वेकडे दोन-चार अंश कलवले की त्या ओढीचा एक भाग आडवा लागू पडतो आणि वेगाची दिशा आपोआप झुकू लागते. रॉकेटचे नाक त्याच दिशेला ठेवत गेले की पुढचे वळण पृथ्वीच घडवते. कल जितका वाढतो तितकी ही वळवणारी ओढ वाढते. आणि वेग जितका जास्त, तितके वळण संथ होते. खेळात वेगाची दिशा दाखवणारी पिवळट हिरवी खूण असते. तिच्यावर नाक धरून ठेवायचे, घाईने सुकाणू फिरवायचे नाही. सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर यान निम्मे आडवे झालेले असावे, आणि हवा संपता संपता जवळजवळ पूर्ण आडवे.

जुन्या खेळाडूंना वेगळेच पाठ होते. दहा किलोमीटर सरळ वर जा आणि मग पंचेचाळीस अंशांत वळ, असे ते सांगत. तेव्हा खेळातली हवाच चुकीची होती, खाली अवाजवी दाट. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हवेचे गणित सुधारले, आणि तसे झटकन वळणारी रॉकेटे हवेतच गिरक्या घेऊ लागली.

खऱ्या जगात तर ती गिरकीही पुरी होत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपच्या आरियान-५ चे पहिले उड्डाण झाले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती. उड्डाणाला चाळीस सेकंदही झाले नव्हते, तोच संगणकाने नसलेली चूक सुधारायला इंजिनांचे तोंड जोराने वळवले, रॉकेट वाऱ्याला तिरके झाले आणि हवेच्या दाबाने त्याचे तुकडे होऊ लागले. उंची होती चार किलोमीटरच्या आतबाहेर. वाऱ्याला असे तिरके होणे घातक असते, म्हणूनच भारताच्या श्रीहरिकोटा तळावर प्रक्षेपणाआधी फुगे सोडून वरच्या वाऱ्यांचा वेग मोजतात आणि रॉकेटचा कल त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे ठरवतात.

जोर किती हवा, हा दुसरा प्रश्न. खेळात सुरुवातीचा रेटा वजनाच्या सुमारे दीडपट ठेवला की उड्डाण सुरळीत होते. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ चा रेटा तर उड्डाणाच्या क्षणी वजनाच्या १.२ पटीच्याच आसपास होता, म्हणून ते एवढे संथ उठताना दिसते. पुढे इंधन जळून वजन घटते आणि तोच रेटा माणसाला आसनात दाबू लागतो. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये त्वरण गुरुत्वाच्या तिपटीपलीकडे जाऊ नये म्हणून इंजिने मंद करत.

घन इंधनाचे रॉकेट मात्र पेटल्यावर मंद करता येत नाही. खेळातही बूस्टरचा रेटा जमिनीवरच ठरवावा लागतो. इथे एका मराठी माणसाचे काम आठवते. वसंत गोवारीकर १९६७ मध्ये थुंबाला गेले आणि भारताचे घन इंधन घडवण्यात त्यांनी उमेदीची वर्षे घातली. घन इंधनाच्या पोटात आरपार पोकळी असते. ती गोल ठेवायची की चांदणीच्या आकाराची, यावर कोणत्या क्षणी किती पृष्ठभाग जळेल आणि किती रेटा मिळेल हे ठरते. म्हणजे हळुवारपणा इंधन ओततानाच साच्यात घालावा लागतो. १९८० मध्ये गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आणि अब्दुल कलाम एसएलव्ही-३ चे प्रकल्प संचालक. २२ मीटर उंच, १७ टन वजनाच्या त्या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. कितव्या सेकंदाला किती कलायचे, हे त्यात आधीच साठवून ठेवलेले असे; वाटेत गणित नव्याने मांडण्याची सोय नव्हती. १० ऑगस्ट १९७९ च्या पहिल्या उड्डाणात दुसऱ्या टप्प्याचे नियंत्रण बिघडून रॉकेट बंगालच्या उपसागरात बुडाले. पुढच्या जुलैत त्याच जातीच्या रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला.

शेवटचा टप्पा संयमाचा. मार्गाचा सर्वांत उंच बिंदू ऐंशी किलोमीटरवर गेला की खेळात इंजिन बंद करायचे. यान तरंगत त्या बिंदूकडे जाते. तिथे पोचताना पुन्हा इंजिन पेटवून अगदी आडवा रेटा द्यायचा, म्हणजे मार्गाची दुसरी बाजू जमिनीतून वर उचलली जाते आणि वर्तुळ पुरे होते. ऐंशी किलोमीटरवर केर्बिनभोवती फिरायला सेकंदाला सुमारे २,२८० मीटर वेग लागतो. चांगला खेळाडू साधारण ३,४०० मीटर प्रति सेकंदाच्या शिदोरीत तो मिळवतो. उरलेले गुरुत्व, हवा आणि उंची यांना गेले.

आता आपल्या किनाऱ्याचे पाहू. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे माकुणसारच्या साडेएकोणीस अंश अक्षांशावर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला सेकंदाला सुमारे ४३८ मीटर वेग फुकट मिळालेला आहे. तो वापरायचा तर पूर्वेकडे उडावे लागेल, आणि पूर्वेला वाडा, इगतपुरी, संगमनेर. जळून गेलेले टप्पे तिथल्या घरांवर आणि शेतांवर पडतील. मोकळा समुद्र आहे पश्चिमेला. पण तिकडे उडायचे तर तो वेग आधी फेडून मग तेवढाच नव्याने कमवायचा, म्हणजे ८७० मीटर प्रति सेकंदाहून जास्त तोटा. इस्रायल तो सोसते. पूर्वेला शेजारी देश असल्याने १९८८ च्या ओफेक-१ पासून त्याने स्वतः सोडलेले उपग्रह भूमध्य समुद्रावरून पश्चिमेला जातात. भारताला तशी सक्ती नव्हती. १९६९ मध्ये याच किनाऱ्यावर तारापूरची अणुवीज सुरू झाली आणि इस्रोची स्थापना झाली, दोन्हींच्या शिरस्थानी विक्रम साराभाई होते. त्याच सुमारास प्रक्षेपणासाठी पूर्व किनाऱ्यावरचे श्रीहरिकोटा निवडले गेले. तिथेही अडचण आहेच. दक्षिणेकडे ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटला श्रीलंका टाळायला आधी आग्नेयेकडे जाऊन मग वळावे लागते, आणि त्या वळणात उपग्रहाच्या वजनातून काट मारली जाते. लहान रॉकेटांना हा भुर्दंड फार जड. म्हणून तमिळनाडूत अगदी दक्षिणेला कुलशेखरपट्टिणम येथे नवा तळ उभा राहत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली.

ज्याच्याकडे हा खेळ आहे त्याने एक प्रयोग जरूर करावा. पूर्वेकडे उडून नीट कक्षेत जाणारे, इंधन जेमतेम पुरणारे रॉकेट तसेच ठेवून या वेळी पश्चिमेला कलवावे. केर्बिनच्या विषुववृत्तावर फुकटचा वेग १७५ मीटर प्रति सेकंद आहे, म्हणजे उलट्या दिशेला सुमारे ३५० ची तूट. ती भरायला किती टाक्या वाढवाव्या लागतात, आणि त्या टाक्यांचे वजन उचलायला आणखी किती, हे वहीत मांडून पाहावे.