शिंपल्याची मूठ, शेफील्डचं पातं

घडीचा चाकू उघडताना येणारा स्वच्छ ‘टक्’ आवाज हीच कारागिराची परीक्षा! पात्याच्या मागे दडलेली पोलादी स्प्रिंग नीट बसली असेल तरच तो तसा येतो. इंग्लंडमधल्या शेफील्डचे स्टॅन शॉ (1926-2021) या परीक्षेत कायम अव्वल राहिले. चौदाव्या वर्षी हाताला लागलेलं काम त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडलं नाही. त्यांच्या कितीतरी चाकूंना मोत्याच्या शिंपल्याची मूठ असे.

हा शिंपला दिसतो सुंदर, पण कामाला महाकठीण. भोक पाडताना जरा तापला की तडकतो. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून पाणी सोडत घासणं बरं. आणि मोठे, जाड, सपाट तुकडे मिळतात ते मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या समुद्रातल्या मोठ्या कालवांपासून.

शेफील्डमध्येच फळं कापायचे नाजूक घडीचे चाकूही बनत: शिंपल्याची मूठ, चांदीचं पातं. चांदी केवळ मिरवायला नव्हती. फळांच्या आंबटपणाने साधं पोलाद काळं पडे, फळालाही लोखंडाची चव येई. 1913मध्ये याच गावात हॅरी ब्रिअर्लींनी गंजरोधक पोलाद बनवलं आणि पुढे ही अडचण मिटली.

दगडाच्या मुठीसाठी अमेरिकेतलं न्यू मेक्सिको पाहावं. तिथे फिरोजाचे पातळ काप धातूच्या पट्टीवर चिकटवतात. मऊ, भुसभुशीत फिरोजात आधी राळ मुरवावी लागते, मगच तो घासणं सोसतो. दोन कापांवरच्या रेषा कधीच सारख्या नसतात, त्यामुळे असा प्रत्येक चाकू एकुलता एक!