खाकी गणवेशातील स्त्री

छत्तीसगडमधील बालोद जिल्हा 2012 साली दुर्ग जिल्ह्यातून वेगळा झाला. तेथील गुंडरदेही परिसरात शमशाद बेगम यांनी खेड्यांतील स्त्रियांची गस्तपथके उभी केली. ‘महिला कमांडो’ या नावाने परिचित असलेल्या या स्त्रिया हातात काठी व शिट्टी घेऊन संध्याकाळी गावात फिरतात आणि दारूबाजीला आळा घालतात. शमशाद बेगम यांना 2012 मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

तथापि या स्त्रिया स्वयंसेविका आहेत. गुन्ह्याची नोंद, तपास व अटक ही कामे पोलिसांचीच असतात. म्हणून पोलीस दलात स्त्रिया किती आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्याचे गांभीर्य विदर्भातील एका घटनेवरून कळते. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर व आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली. देशभर निषेध झाला आणि 1983 मध्ये बलात्कारविषयक कायदा अधिक कडक करण्यात आला. योगायोग असा, की 1972 सालीच किरण बेदी भारतीय पोलीस सेवेतील पहिल्या महिला अधिकारी झाल्या.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार लैंगिक अत्याचाराची पीडितेने दिलेली फिर्याद स्त्री अधिकाऱ्याने नोंदवून घ्यावयाची असते. अपवादात्मक प्रसंग वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. परंतु ठाण्यात स्त्री अधिकारीच नसेल, तर कायद्याचे हे संरक्षण कागदावरच राहते.

पोलीस दलात 33 टक्के स्त्रिया असाव्यात, अशी सूचना केंद्र सरकारने 2009 मध्ये राज्यांना केली. जानेवारी 2022 मध्ये देशातील प्रमाण सुमारे 12 टक्केच होते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी 30 टक्के आरक्षण आहे. 2024 मध्ये रश्मी शुक्ला या राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या.

केवळ भरती पुरेशी नाही. स्वच्छतागृह, पाळणाघर व ठरावीक कामाचे तास नसतील, तर स्त्रिया नोकरीत टिकणार कशा? नागपूर शहरात 2021 मध्ये महिला पोलिसांची पाळी बारा तासांवरून आठ तासांची करण्यात आली, ती याच जाणिवेतून.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलीने ते पुन्हा हाती घेतले, तर ठाण्याचे दार तिला दोन्ही अर्थांनी खुले होते: फिर्याद देण्यासाठी आणि ती नोंदवून घेण्यासाठीही.